पाऊण इंच

"ताई, दादा ओटा फोडायलेत," असं धाकट्या भावानं, बद्रीनाथनं, शनिवारी दुपारी फोनवर सांगितलं आणि रविवारी सकाळी साडेनऊला सारजा परभणीहून पुंडलिकनगरला माहेरच्या दारात हजर झाली. आई गेल्यापासूनच्या आठ महिन्यांत ती राखीला आली नव्हती, दिवाळीला आली नव्हती. ओट्यासाठी आली.

"बघा," सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेल्या साळूबाई म्हणाल्या, "माणसांसाठी नाय, दगडासाठी आली."

"तुम्ही कशासाठी आलात, आत्या?"

"मी रामाला अक्कल शिकवायला."

"मग मुक्काम वाढवावा लागेल."

साळूबाई हसल्या. त्या कालच पैठणहून एसटीनं आल्या होत्या. पोलिस ॲक्शनच्या सालचा, अठ्ठेचाळीसचा जन्म. धाकट्या भावाला अक्कल शिकवण्याचं काम त्याला पाय फुटल्यापासून त्यांच्याकडे होतं. त्यांनाही बद्रीनाथनंच कळवलं होतं. कुणाची बाजू घ्यायची हे ठरेना की बद्रीनाथ सगळ्यांना फोन करायचा, मग भांडण आपोआप मोठ्या माणसांकडे जायचं आणि त्याला पाणी आणून द्यायचं काम उरायचं.

रामकिसनराव खुर्चीत बसून पेपर वाचत होते. मुलीकडे पाहून त्यांनी मान हलवली आणि पेपरची घडी बदलली.

"दादा, खरंच फोडायचाय?"

"सांडू मिस्त्री दहाला येणारे. उद्यापासून त्याचं दुसरं काम आहे. आज ठरलं तर ठरलं."

"पण कशाला?"

"जुना झाला."

"तूपण झालास," साळूबाई म्हणाल्या. "तुला कुणी फोडायलंय का?"

आत बद्रीनाथची बायको आशा चहा टाकत होती आणि सगळं ऐकत होती. अकरा वर्षं ती या ओट्यापुढे वाकून उभी होती. ओटा बांधला तेव्हा तो सासूबाईंच्या मापानं बांधला. सासूबाई पावणेपाच फूट, आशा साडेपाच. कणीक मळताना तिचं कपाळ मांडणीला टेकायचं. पाठीला रोज मलम लागायचं, आणि मलमाचा वास आला की बद्रीनाथ म्हणायचा, "आज लई काम झालं वाटतं?" त्या प्रश्नाचं उत्तर तिनं अजून दिलं नव्हतं. सुचलं की शिव्याच सुचायच्या.

मागच्या आठवड्यात मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, स्वतःहून ओट्याचा विषय काढला तेव्हा तिला वाटलं होतं, देव आहे. तिच्या डोळ्यांपुढे सिडकोतल्या बहिणीचा ग्रॅनाईटचा ओटा आला: काळा, ठिपक्यांचा, तोंड दिसेल इतका चकचकीत. आणि मामा म्हणाले, "लॅमिनेट बसवायचं."

लॅमिनेट! कपाटाला लावतात ते. ओट्याला? देव होता, पण त्याला स्वयंपाकघरातलं काही कळत नव्हतं.

"आशा," सारजा आत आली. ती आशाशी बोलत होती, पण बघत होती ओट्याच्या उजव्या कोपऱ्याकडे.

तिथं कडप्प्यात एक खळगा होता. ताटलीएवढा, मधे बोटभर खोल, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. सासूबाईंनी, द्वारकाबाईंनी, ठेच्यासाठी कधी मिक्सर लावला नाही, पाटाही मांडला नाही. मिरच्या, लसूण, मीठ, दाणे उघड्या ओट्यावर टाकायच्या आणि वरवंट्यानं हाणायच्या. रोज सकाळी साडेसहाला. बाहेरच्या खोलीतून पेपरच्या मागून रामकिसनराव ओरडायचे, "हळू! ओटा फुटंल!" आत क्षणभर शांतता. मग एकच दणका, आधीच्या सगळ्यांपेक्षा जोरात. त्यानंतर भाकरी. पंचवीस वर्षं. शेजारचे लोक घड्याळ लावायचे.

सारजानं खळग्यावर हात ठेवला. आशानं ते पाहिलं आणि गॅस बारीक केला. या घरात सासूबाईंची आठवण काढायला सगळे याच कोपऱ्यात यायचे, आणि नेमके स्वयंपाकाच्या वेळी.

"मला ग्रॅनाईट हवाय, ताई," ती हळूच म्हणाली. "पण मला कुणी विचारलं नाही."

"मला काहीच नकोय. हाच राहू दे."

"तुम्ही परभणीला राहता."

सारजानं हात काढून घेतला.

*

सांडू मिस्त्री दहाला आला. त्यानं नमुने तारेत ओवून आणले होते: बोटभर लांबीचे पातळ तुकडे, प्रत्येकाच्या कोपऱ्यात भोक. लाकडासारखे, संगमरवरासारखे, एक चक्क जीन्सच्या कापडासारखा.

"ह्याच्यावर स्वयंपाक करायचा का ह्याची पँट शिवायची?" साळूबाईंनी विचारलं.

"लई चालतंय मावशी सध्या. फॉरेनमध्ये समदीकडं हेच."

"फॉरेनमध्ये भाकरी थापतेत का?"

सांडू तार उलगडत बसला. रामकिसनराव एकेक तुकडा उजेडाकडे धरून बघू लागले. धरणाच्या कामावर ते तीस वर्षं नोंदी ठेवायला होते, आणि कुठलीही वस्तू ती जणू सरकारात जमा करायची आहे अशा नजरेनं बघायची त्यांची सवय गेली नव्हती.

"आत्याबाई," आशानं चहा ठेवता ठेवता सूर लावला, "ग्रॅनाईट टिकतो बघा. माझ्या बहिणीकडं..."

"ग्रॅनाईट? समाधीचा दगड तो! त्याच्यावर स्वयंपाक करायचा का नाव कोरायचं?"

"तुमच्या सुनंनं बसवलाय की पैठणला."

"म्हणून तर सांगायले. आत गेले की आपोआप हात जोडले जातेत."

बद्रीनाथ हसला. आशानं त्याच्याकडे पाहिल्यावर थांबला. "ग्रॅनाईट चांगला असतो तसा," तो म्हणाला. मग आत्यांनी पाहिलं. "म्हणजे, गार पडतो थोडा."

"आत्या," सारजा म्हणाली, "वर्षाच्या आत घरात नवं काही करत नाहीत ना? आईला आठच महिने झालेत."

साळूबाईंनी पाय खाली घेतले. भाचीकडे नीट पाहिलं. ही पोरगी कॉलेजात इतिहास शिकवते, दर भेटीत त्यांना अंधश्रद्धेवर भाषण देते, आणि दहाव्याच्या दिवशी घाटावर गुरुजींशी वाद घालून आली होती.

"आज तुला वर्ष आठवलं व्हय?"

"तुमचंच म्हणणं सांगतेय."

"माझं आहेच. पण तुझ्या तोंडून लई गोड लागायलंय." त्या भावाकडे वळल्या. "ऐकलंस, रामा? तुझी शिकलेली लेकसुद्धा सांगायली. वर्षाच्या आत बांधकामाला हात लावायचा नसतो. आपल्यात चालत नाय."

रामकिसनराव तुकडा उजेडाकडे धरून म्हणाले, "हा जरा हिरवट वाटतोय."

"आधी ह्याची परीक्षा," साळूबाई उठल्या. "आशा, तवा तापव."

"मावशी, ह्याच्यावर डायरेक्ट गरम ठेवत नसतेत!" सांडू उठला.

"मग ओट्यावर काय देव ठेवायचेत?"

आशानं तवा तापवला. इतका मनापासून तवा तिनं कधी तापवला नव्हता. साळूबाईंनी सांडूच्या तारेतून जीन्सवाला तुकडा काढला, ओट्यावर ठेवला आणि वर तवा. सगळे स्वयंपाकघराच्या दारात गर्दी करून उभे राहिले. वास आला, जळक्या बटणासारखा. तवा उचलला तेव्हा जीन्सला मधोमध फोड आला होता.

"झालं!" साळूबाई म्हणाल्या. "पोळली ना पँट?"

"मी तेच म्हणत होतो," बद्रीनाथ म्हणाला. तो काहीच म्हणत नव्हता.

तो प्रसंग तिथंच संपायला हवा होता. आशाच्या मनात ग्रॅनाईट चमकू लागला होता, सारजाला वाटत होतं की आता कंटाळून सगळे ओटा आहे तसा ठेवतील, आणि साळूबाईंना जेवणाआधी जिंकायची सवय होती. तेवढ्यात रामकिसनराव सगळ्यांच्या मधून वाट काढत आत आले. मांडणीच्या खिळ्यावरून त्यांनी द्वारकाबाईंच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि तो सांडूच्या हातात ठेवला.

"ह्या रंगाचं आहे का?"

कपाटाच्या किल्ल्यांबरोबर त्या कडीत एक आकाशी रंगाचा तुकडा होता. तो इतकी वर्षं तिथं होता की तो कुणाला दिसत नव्हता. बद्रीनाथला वाटायचं, तो कुठल्यातरी विम्यावाल्यानं दिलेला. लहानपणी सारजानं तो चावूनही पाहिला होता, एका कडेला तिच्या दातांची खूण होती.

सांडूनं तो पालथा केला, नखानं खरवडला. "काका, हे तर शेडकार्डाचं हाय. भोक बघा ना, आपल्या तुकड्यांसारखंच. लई जुनं हाय पण. माझ्या बापाच्या टायमाचं."

"एकोणनव्वद," रामकिसनराव म्हणाले.

*

साळूबाई खाली बसल्या. त्यांना खुर्ची लागत नव्हती. विचार करायचा झाला की त्या जमिनीवर बसायच्या.

एकोणनव्वदला हे घर बांधलं तेव्हा भिंतींना गिलावा व्हायचा होता. द्वारका गुलमंडीच्या बाजारात कुणाच्या लग्नातल्या मांडव-परतणीचे खण आणायला म्हणून गेली ती पदरात हा तुकडा बांधून आली. "आक्का, हे बघा. धरणाच्या कॉलनीत इंजिनियरसाहेबांच्या बंगल्यात असा ओटा होता. पुरण वाटायला बोलावलं होतं त्यांच्या बाईनं. नुसता ओला फडका फिरवला की स्वच्छ. आणि रंग बघा." द्वारका कधी काही मागत नसे, त्यामुळे मागताना तिचा चेहरा कसा होतो ते साळूबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि त्यांना ते आवडलं नाही. त्यांनी स्वतः सासरी चुलीपुढे धूर खात वीस वर्षं काढली होती.

"सनमायका?" त्या म्हणाल्या होत्या. "ही काय नाटकातली राणी व्हय? रामा, दगड आण. जन्मभर मोडत नाय."

रामानं दगड आणला. द्वारकानं तुकडा किल्ल्यांना अडकवला. ओटा बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दगडावर मिरच्या टाकल्या आणि वरवंटा उचलला.

"रामा," साळूबाई आता म्हणाल्या, "दगड आण असं मीच म्हणले होते."

"हौ."

"मग तू कामून ऐकलंस? पन्नास गोष्टी सांगितल्या असतील तुला आयुष्यात. ऐकलीस ती हीच?"

"बाकीच्या एकोणपन्नास कामाच्या नव्हत्या."

"ही तरी कामाची होती का रं?"

"नव्हती," रामकिसनराव म्हणाले. "पण ते कळायला पंचवीस वर्षं गेली."

गॅस अजून चालूच होता, तो आशानं बंद केला.

सारजा कोपऱ्यातल्या खळग्याकडे बघत होती. आठ महिने परभणीच्या खोलीत बसून तिनं हा खळगा मनात जपला होता. आईच्या हाताचं एकच काम मागं उरलं, असं तिला वाटत होतं. स्वेटर नाही, विणलेलं तोरण नाही, हा खळगा. आता कळत होतं की तो अर्ज होता. रोज सकाळी साडेसहाला, त्याच खिडकीवर, पंचवीस वर्षं दाखल केलेला. आणि साहेब पेपरच्या मागून ओरडत होते, हळू.

तिला दादांचा राग यायला हवा होता. तो येईना. त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण चुकीच्या काजात होतं.

"सापडला का रंग?" तिनं सांडूला विचारलं.

सांडूनं तार पुन्हा चाळली. "हा शेड बंद झाला, ताई. ह्येच्या जवळचा हा एक हाय बघा." त्यानं एक निळा तुकडा काढून जुन्याशेजारी धरला. नवा थोडा गडद होता, थोडा जास्त हुशार दिसत होता.

रामकिसनरावांनी दोन्ही तुकडे खिडकीपाशी नेले. सगळे वाट बघत राहिले.

"जवळ आहे," ते म्हणाले.

"आहे का?" सारजानं विचारलं.

"नाही." त्यांनी नवा तुकडा सांडूला परत दिला. "पण तिनं माझ्याशीसुद्धा असंच चालवून घेतलं. हाच लाव."

"दादा, मग हा कोपरा? हा फोडायचा?"

या प्रश्नाचं उत्तर रामकिसनरावांनी आठवडाभर शोधलं नव्हतं, हे त्यांच्याकडे बघून कुणालाही कळलं असतं. त्यांना रंग तेवढा ठाऊक होता.

"फोडायचं कशाला?" जमिनीवरून साळूबाई म्हणाल्या. "झाक की."

"आत्या, आता तुम्हीच म्हणालात, वर्षाच्या आत..."

"बांधकाम म्हणाले. झाकायला कशाचा मुहूर्त? पातेल्यावर झाकण ठेवताना पंचांग बघता का तुम्ही?" त्या सांडूकडे वळल्या. "व्हय रं, दगडावरच बसतं का हे?"

"बसतंय की. पाण्याला टिकणारा प्लाय टाकायचा दगडावर, पाऊण इंची, त्याच्यावर हे चिकटवायचं. फोडायची गरजच नाय. माझा एक दिवस वाचला."

"म्हणजे वर्षही पाळलं, ओटाही झाला," साळूबाई म्हणाल्या. "शास्त्र असं वापरायचं असतं, सारजे. भांडून नाय."

आशा इतका वेळ हिशेब करत होती. ग्रॅनाईट गेला, हे तिला कळलं होतं. ज्या क्षणी मामांच्या हातात किल्ल्या आल्या त्या क्षणीच गेला. मेलेल्या सासूच्या हौसेपुढे जिवंत सुनेची पाठ कुठं टिकते? पण.

"मिस्त्री, म्हणजे ओटा वर येईल?"

"पाऊण इंच, वहिनी."

"पाऊण इंच," ती म्हणाली.

"पुरंल का?" बद्रीनाथनं विचारलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिच्या पाठीबद्दल काही विचारलं होतं, तेही मिस्त्रीकडे बघत.

"नाही पुरणार. पण वर तरी आला." आणि मग आशा मोठ्यानं म्हणाली, कारण सगळे ऐकायला जमलेच होते, "वर्ष झालं की ओटा पूर्ण उंच करायचा. माझ्या मापानं. आत्ताच सांगून ठेवते. रंग तुमचा, उंची माझी."

साळूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. या चेहऱ्यानं मागणारी दुसरी बाई त्या या घरात बघत होत्या.

"रामा," त्या म्हणाल्या, "ह्या वेळेला मी काय बी सांगितलं नाय. ध्यानात ठेव."

"वर्ष झालं की करू," रामकिसनराव आशाला म्हणाले.

"एकच अडचण," खळग्यात हात फिरवत सांडू म्हणाला. "हे भरून घ्यावं लागंल. सिमेंट टाकतो, लेव्हल करतो."

"भरू नका," सारजा म्हणाली.

"ताई, प्लायखाली पोकळ राहील. इथं काय बी आपटलं की ढोलावानी वाजंल. मग म्हणाल, सांडूनं काम नीट केलं नाय."

सारजानं दादांकडे पाहिलं. मागायची तिला सवय नव्हती. ते तिनं कुणाकडून घेतलं होतं हे आता त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

"वाजू दे," रामकिसनराव म्हणाले.

*

सांडूनं दुसरं काम दोन दिवस पुढं ढकललं. सोमवारी प्लाय पडला, मंगळवारी निळा रंग चढला. गरम भांडं टेकवायला आशानं लाकडी पाट आणला, आणि साळूबाईंनी तो दोनदा उचलून ठेवून दिला, सवयीनं. साळूबाईंचा मुक्काम वाढला होता. सारजानं कॉलेजात तीन दिवसांची रजा टाकली आणि कारण लिहायच्या जागी 'घरकाम' लिहिलं. जुना तुकडा किल्ल्यांतच राहिला. नव्या ओट्याशेजारी तो आता फिका दिसत होता, पण जुडगा तिथंच खिळ्याला टांगला.

बुधवारी सकाळी रामकिसनराव खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. साळूबाई जमिनीवर लसूण सोलत होत्या. सारजाची बॅग दाराशी होती आणि ती चहा पीत होती. आतून पिठाच्या डब्याचा आवाज आला, मग परात ओट्यावर सरकवल्याचा. आशानं परात उजव्या कोपऱ्यात घेतली होती, कारण डावीकडे लाकडी पाट होता.

पहिली थाप पडली.

ढब्.

बंद पेटीत कुणीतरी आतून हात मारावा तसा आवाज. साळूबाईंच्या हातातली पाकळी निसटली. पुन्हा ढब्. मग एकसारखं ढब्, ढब्, ढब्, खिडकीची काच थरथरली, आणि पेपरच्या मागून, मान वर न करता, पंचवीस वर्षांच्या सवयीनं रामकिसनराव ओरडले,

"हळू! ओटा फुटंल!"

आतला आवाज थांबला.

पेपर तसाच धरलेला राहिला. त्यामागचा चेहरा दिसत नव्हता आणि सारजानं तो बघायचा प्रयत्न केला नाही. तिनं कप खाली ठेवला. साळूबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, लसणाच्या वासाचा. आशा या घरात अकरा वर्षं होती आणि सासूबाई असेपर्यंत तिनं हे रोज ऐकलं होतं.

मग आतून एकच थाप आली, आधीच्या सगळ्यांपेक्षा जोरात.